गाडी थांबते, पण थांबून राहत नाही

आमच्या हॉल्टवर बाकडं नव्हतं, छप्पर नव्हतं. होती ती माणसं, आणि त्यांच्याजवळ भरपूर वेळ. एवढ्या दोन गोष्टी एका बाभळीखाली आल्या की किस्से साठतात, फळीवर कापडी पिशव्या साठतात तसे. आणल्या कुणी ते आठवत नाही आणि टाकायला कुणाचा हात होत नाही.

कऱ्हाड-मिरज रुळावरचं आमचं गाव. रूळ माझ्या सासऱ्यांच्या लहानपणापासून आहेत, पण गाडी थांबायची नाही. गावाला तिचा उपयोग घड्याळासारखा. जायचं-यायचं झालं तर गावातल्या तात्यांची सर्व्हिस मोटार. लढाई संपली तरी पेट्रोल काही मोकळं होईना, तेव्हा रेल्वेनं आमच्या शिवारात गाडी मिनिटभर थांबवायचं कबूल केलं. तेही तात्पुरतं. माणसं चढली तर ठेवू, नाहीतर बंद.

मला त्याची गंमत वाटण्यापेक्षा धास्तीच जास्त होती. माझी शालू जन्मली ती डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. मिरजेचे डॉक्टर दर मंगळवारी ते जरासं सरळ करून प्लास्टर घालत. मंगळवार चुकला तर पाऊल पुन्हा मागं फिरतं, असं त्यांनी बजावलं होतं. आणि मोटारीच्या भरवशावर आमचे मंगळवार चुकत होते. म्हणजे शालू नीट चालणार की नाही, हे हॉल्ट राहतो की नाही यावर होतं. अर्थात मी जगातल्या कुठल्याही गोष्टीचा संबंध शालूच्या पायाशी लावू शकते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे इथल्या शाळेत मास्तर आहेत, त्यामुळं त्यांचं म्हणणं खोडायची पद्धत नाही.

*

मोटारीचा ड्रायव्हर म्हणजे गावाचं निम्मं पोस्ट. कुणाचं औषध आणायचा, कुणाचा निरोप पोचवायचा. तेव्हा गाडीचा ड्रायव्हरही तेच करणार, असं गावानं धरूनच ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा इंजिनापाशी उभा राहून ओरडला, "मिरजंत स्टेशनाम्होरं माझ्या जावयाचं पानाचं दुकान हाय. त्याला म्हनावं, म्हस व्याली."

ड्रायव्हरनं मान हलवली की नाही, धुरात दिसलं नाही. सगळे त्या म्हाताऱ्याला हसले. मी पण हसले, शिकलेली ना!

दोन दिवसांनी त्याच ड्रायव्हरची गाडी आली. काळ्या तोंडाचा ड्रायव्हर इंजिनातून अर्धा बाहेर वाकला आणि म्हणाला, "जावई म्हनत्यात, खरवस कुठाय?"

*

माझंच सांगते. मी मॅट्रिक झालेली. त्यामुळं मला वेळापत्रक वाचता येतं, फक्त त्यावर विश्वास ठेवता येत नाही. गाडी लवकर आली तर, या भीतीनं मी शालूला घेऊन इतक्या लवकर हॉल्टवर जायची की तिकिटं विकणारे हवालदारसुद्धा आलेले नसत. हवालदार पलटणीतून सुटून आलेले. बाभळीखाली पत्र्याची पेटी ठेवून तिकिटं द्यायचे, उतरणाऱ्यांची परत घ्यायचे, आणि नियमाबाहेर पापणीही हलवायचे नाहीत.

एका मंगळवारी लांबून गाडी दिसली. मोटारीला करतात तसा मी हात केला. गाडी थांबेना. मी पदर खोचला, शालूला काखेत घेतलं आणि जोरजोरात हात केला. शेवटच्या डब्यातल्या गार्डनं मला पाहिलं आणि त्यानंही मोठ्या प्रेमानं हात केला. गाडी गेली.

मला रडूच आलं. तेवढ्यात हवालदार आले.

"वैनी, ती कोळशाची मालगाडी व्हती," ते म्हणाले. "तिला पोरीचं काय करायचंय?"

*

माझ्या सासूबाईंना सगळं गाव माई म्हणतं. माईंचा रेल्वेवर पहिल्या दिवसापासून राग. मोटार त्यांच्या दारात यायची, हॉर्न वाजवायची, आणि माईंची पूजा उरकेपर्यंत सगळ्या उतारूंसकट उभी राहायची. अशा मोटारीची सवय झालेल्या बाईला मिनिटभराची गाडी म्हणजे अपमानच.

त्या पहिल्यांदा माझ्याबरोबर निघाल्या त्या दिवशी पोळ्या व्हायच्या होत्या. माईंनी मला पुढं पाठवलं. "हवालदाराला सांग, शेवटची पोळी तव्यावर आहे, म्हणावं. आलेच."

मी सांगितलं. निरोप सांगताना आपण काय बोलतोय हे मला कळत होतं, पण सासूचा निरोप होता.

हवालदार म्हणाले, "गाडीला ब्रेक हाय वैनी. नातं न्हाई."

गाडी गेली. माई वाटेतूनच परत फिरल्या. पुढच्या मंगळवारी मला ताप होता, तर त्यांनी शालूला उचललं, आमच्या जनाआत्यांना बरोबर घेतलं आणि मुद्दाम तात्यांच्या मोटारीनं मिरजेला गेल्या. जनाआत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. लग्नानंतर वर्षातच विधवा होऊन माहेरी आलेल्या. शालू माझ्यापेक्षा त्यांच्याच कडेवर जास्त.

मोटार भरेपर्यंत सुटली नाही. मग एकाच्या दारात लोणच्याच्या बरणीसाठी थांबली. मग एक सोयरे भेटले. माई दवाखान्यात पोचल्या तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. परत येताना हादऱ्यांनी जुनं प्लास्टरही तडकलं.

घरी येऊन माईंनी तडकलेल्या प्लास्टरवर आपल्या हातानं फडकं बांधलं.

पुढच्या मंगळवारी मी नेहमीसारखी फार लवकर हॉल्टवर गेले, तर बाभळीखाली माई बसलेल्या.

"पोळ्या?" मी विचारलं.

"कालच केल्या," माई म्हणाल्या. "तिला नातं नाही ना, मग आपणच धरायला हवं."

*

अण्णा मगदूम हळदीचे व्यापारी. जैन माणूस, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचे नाहीत. सांगलीच्या बाजाराला जायचे आणि येताना मोटार हमखास दिवस बुडवायची. वर्षानुवर्षं बाजारच्या दिवशी अण्णा उपाशी झोपत आलेले.

हॉल्ट सुरू झाल्यावर पहिल्याच बाजारी ते गाडीनं परत आले. सूर्य चांगला हातभर वर. अण्णा जवळजवळ धावतच घरी गेले. चूल थंड! बाजारच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी चूल पेटवायची पद्धतच नव्हती. शेवटी अण्णांनी अंगणात मावळतीकडं तोंड करून, एक डोळा सूर्यावर ठेवून दही-चुरमुरे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी अण्णा हॉल्टवर येऊन सगळ्यांना सांगत होते, "ही गाडी आपल्यातलीच हाय बघा. सूर्याकडं बघून चालती."

अण्णांची बायको मला विहिरीवर भेटली.

"वैनी," ती म्हणाली, "आठवड्यातनं एक सांज सुटी व्हती मला. ती बी रेल्वेनं खाल्ली."

*

आता तात्यांबद्दल. माणूस वाईट नव्हे. पण मोटार त्यांची, आणि गाडी फुकटची सवत आलेली. त्यांनी गावभर सांगितलं की रुळाजवळ उभं राहिलं की बाळंतिणीचं दूध आटतं. मला खोटं आहे हे माहीत होतं. तरी मी रुळापासून चार पावलं मागंच उभी राहायची. माहीत असणं वेगळं आणि आई असणं वेगळं.

मग हवालदारांनी बातमी आणली. रेल्वेचे साहेब येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येणार, आपल्या हॉल्टवर किती माणसं चढतात ते डोळ्यांनी बघणार आणि तिथंच ठरवणार.

तात्यांनी त्याच संध्याकाळी चावडीपुढं जाहीर केलं, "शुक्रवारी मोटार फुकट. सांगली म्हना, मिरज म्हना, कुटंबी बसा."

गावातले झाडून सगळे पुरुष कामं काढून बसले. ज्यांचं मिरजेत काही नव्हतं त्यांनाही मिरजेला दाखवायची दुखणी झाली. मी ह्यांना म्हटलं, हॉल्ट गेला. हे म्हणाले, अजून गेला नाही. मी म्हटलं, जाणार. शालू जमिनीवर प्लास्टरचा पाय ठोकत बसली होती, ठक ठक. मला त्या आवाजापुढं दुसरं काही ऐकू येईना.

माई तीळ निवडत होत्या. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. आमचं हळदीकुंकू राहिलंच होतं.

"शुक्रवारी करू," माई म्हणाल्या.

"शुक्रवारी कसं, माई? शुक्रवारी गाडी..."

"गाडीतच करू."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"का? सवाष्णी गाडीत बसत नाहीत?" माई म्हणाल्या. "चढायचं, पुढच्या स्टेशनात उतरायचं, समोरून येणाऱ्या गाडीनं परत. आणि यंदा वाण म्हणून फण्या-डब्या नाहीत. तिकीट लुटायचं. जाऊन-येऊन."

*

हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की सवाष्ण नाही म्हणत नाही. शुक्रवारी सकाळी हॉल्टवर इरकली लुगड्यांची रांग लागली. अण्णांची बायको, कुंभारवाड्यातल्या, मळ्यातल्या, कधी वेशीबाहेर न पडलेल्याही आल्या. आपल्या पेटीपुढं एवढी गर्दी हवालदारांनी कधी पाहिली नव्हती. मी कुंकू लावत होते, अण्णांची बायको तिळगूळ देत होती, माई हातात तिकीट ठेवत होत्या.

जनाआत्या शालूला घेऊन बाभळीमागं उभ्या होत्या. हळदीकुंकू असलं की त्या अशाच कशाच्या तरी मागं असत. गाडी येईपर्यंत शालूला सांभाळायला म्हणून आल्या होत्या. माई सरळ बाभळीमागं गेल्या आणि एक तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. बायकांत कुजबुज झाली.

माई वळून म्हणाल्या, "तिकिटाला कुठं कुंकू लागतं?"

आणि त्या पुढच्या बाईला तिकीट द्यायला गेल्या.

तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. तात्यांची मोटार, आत-वर-मागं माणसांनी लगडलेली, थेट हॉल्टवर आली, आणि पुढच्या सीटवरून तात्यांच्या मंडळी गोदाक्का उतरल्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना ओढ्यापलीकडच्या घरापासून हॉल्टपर्यंत चालवत नाही.

मागाहून कळलं ते असं. तात्या म्हणाले होते, "आजच्या दिस जाऊ नगंस." गोदाक्का म्हणाल्या, "कुंकवाला न्हाई म्हनू? तुमच्याच आयुष्याचं असतंय ते." त्यावर तात्यांनी स्वतः ड्रायव्हरला सांगितलं, आधी हॉल्टवर घे.

मोटारीवरच्या पुरुषांनी आपापल्या बायका रांगेत पाहिल्या. टपावरून पहिले उतरले ते अण्णा मगदूम.

"फुकट हाय खरं," ते म्हणाले, "पन ही दिस बुडवनार, मग जेवायचं काय?" आणि तिकीट काढायला गेले. त्यांच्यामागं बाकीचेही एकेक उतरले.

गाडी आली. साहेब डब्याच्या दारात उभे. आम्ही चढायला लागलो तेव्हा ते आत सरकले, मग आणखी आत, मग एका कोपऱ्यात. त्या दिवशी गाडी मिनिटापेक्षा जास्त थांबली, आणि हवालदारांनी घड्याळाकडं पाहिलं नाही.

साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, "बाई, हे रोज एवढे असतात?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. वेळेवर सुचत नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी मंगळवारी असते, मुलीच्या प्लास्टरसाठी. अण्णा बाजारी असतात. बाकीच्या बहुतेक पहिल्यांदाच बसल्या आहेत."

माईंनी माझ्याकडं करपलेल्या पोळीकडं बघतात तसं पाहिलं. संपलं, मी मनात म्हटलं, तुझ्या तोंडानं घालवलंस.

मग गोदाक्का बोलल्या. "सायेब, ती मोटार आमचीच हाय. म्हनून तर सांगते, गाडी थांबू द्या."

साहेब गोंधळले. "मग तुमच्या मोटारीचं काय?"

"ती कुटं जाती?" गोदाक्का म्हणाल्या. "एवढ्या बायका हॉल्टापातूर काय चालत येनार व्हय?"

साहेब हसले. अण्णांच्या बायकोनं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. पुढच्या स्टेशनात उतरताना ते मला म्हणाले, "मंगळवार चुकवू नका. गाडी असेल."

आणि आहे. बाभळीशेजारी गावाच्या नावाची पाटी लागली. तात्यांची मोटार गावातून हॉल्टला फेऱ्या मारते आणि पूर्वीपेक्षा जास्त भरते, फक्त आता वेळेवर सुटते. शालूचं शेवटचं प्लास्टर निघालं. परवा ती हॉल्टवर माझा हात सोडून पळाली, दोन्ही पावलं सरळ. मी अर्थातच रुळाच्या भीतीनं किंचाळले.

*

त्या शुक्रवारचं एक राहिलं. आम्ही समोरच्या गाडीनं परत आलो. हवालदार बाभळीखाली उभे राहून तिकिटं परत घेत होते. एकेक बाई देत होती आणि पुढं जात होती. जनाआत्यांची मूठ मिटलेली.

"आत्याबाई, तिकीट."

जनाआत्यांनी नकाराची मान हलवली.

"सरकारी हाय ते. जमा करावं लागतंय."

जनाआत्यांनी शालूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हवालदार," त्या म्हणाल्या, "वाण कुणी परत देतं का?"

हवालदारांनी पेटीचं झाकण लावून टाकलं.