राणी मजेत आहे

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. हिलाही नाही — आणि हिच्यापासून लपवलेल्या गोष्टी माझ्याकडे फार नाहीत. तुम्हांला का सांगतो आहे, तेही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल कदाचित.

गोष्ट पाच उंदरांची आहे. हसलात तरी माझी हरकत नाही. तेव्हाही लोक हसलेच होते, आणि खरे तर — पण ते पुढे सांगतो.

नगरला आमच्या गल्लीच्या टोकाशी उस्मानभाई राहायचे. बाजाराच्या गावांना फिरून पांढऱ्या उंदरांचा खेळ करायचे. पत्र्याच्या पेटीत एक छोटी विहीर, तिच्यावर बोटाएवढी मोट, आणि ती ओढणारा उंदीर. त्याचे नाव हवालदार. राणी नावाची मादी शिडी चढून घंटा वाजवायची. खेळ संपला की उस्मानभाई पत्र्यावर नखाने दोनदा वाजवत — टक, टक — आणि सगळी मंडळी रांगेने तारेच्या घरात शिरत. आत एकेकाला फुटाणा मिळे. आमच्या शाळेतही त्यांनी दोन-तीनदा खेळ केला होता. माझ्या वर्गातली पोरे माझ्या शिट्टीला कधी एवढ्या शिस्तीने रांगेत आली नाहीत.

लढाईच्या दिवसांत त्यांचे उजवे अंग वाऱ्याने गेले. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नव्हते. भाची दोन वेळ भाकरी आणून देई, पण पेटीजवळ जायला भिई. मी पाहायला गेलो तेव्हा पेटी कोपऱ्यात होती. नऊ उंदीर, पाण्याची वाटी कोरडी, खालचा भुसा कुजलेला. भुकेने त्यांनी एकमेकांच्या शेपट्या कुरतडल्या होत्या. उस्मानभाई खाटेवरून ते बघत पडले होते. किती दिवस बघत होते कोण जाणे.

जीभ जड झाली होती, तरी बोलले. "मास्तर, माजं जाऊ द्या. ह्यांना चांगल्या घरी द्या. कुनाच्या बी हाती देऊ नका. तुमी सोता घर बघा, मानसं बघा, मंग द्या."

मी शब्द दिला. मनापासून दिला — निदान त्या दिवशी तरी.

पेटी घरी आणली. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुतली. हिची आई प्लेगात गेलेली, त्यामुळे हिने कपाळाला हात लावला. रेशनची ज्वारी माणसांना पुरेना आणि हे उंदरांना घालणार! पण आठ दिवसांनी तीच भाकरीचा चुरा घेऊन पेटीशी बसलेली दिसली. उंदीर भरले, केस पुन्हा चकचकीत झाले. मग मी घरे शोधू लागलो. बेलापूरच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या मुलींना दोन दिले. काष्टीच्या एका कंपाउंडरला दोन दिले. घरे बघितली, माणसे बघितली, मगच दिले. चांगले काम करताना माणसाला स्वतःविषयी जे वाटते ते मला वाटत होते. राहिले पाच. त्यांत राणी आणि हवालदार.

काष्टीला जाताना सर्व्हिस मोटारीत पेटीचे दार निसटले, आणि एक उंदीर शेजारच्या गृहस्थाच्या फेट्यावर चढून बसला. सगळी मोटार हसली. त्या गृहस्थांचा मुलगा नेमका माझ्या वर्गात! दुसऱ्या दिवशी फळ्यावर चष्मा आणि टोपी घातलेला उंदीर, खाली अक्षरे — 'उंदीरमास्तर'. मुले हसली ते सोडा. हेडमास्तर दारात उभे राहून म्हणाले, "काय मास्तर, वाहन तुम्ही बांधून ठेवलंत, तर गणपतीनं पायीच फिरायचं का?"

मीही हसलो. दुसरे काय करणार? पण ते नाव चिकटले. वाण्याच्या दुकानात, नळावर, गल्लीत. वीस वर्षे मी शिकवत होतो, आणि नगर शहराने त्यातून एवढेच उचलले होते.

त्याच आठवड्यात मिरजगावहून पत्र आले. माझा जुना सोबती तिथल्या शाळेवर होता. 'पाचही घेऊन ये, पोरे वाट पाहताहेत.' मोटारीने जायचे, पेटी द्यायची, परत यायचे. एका रविवारचे काम. तो रविवार मी घरात बसून काढला. पुढचाही. पुन्हा ती पेटी मांडीवर घेऊन मोटारीत बसायचे, या विचारानेच माझे कान तापत.

तेव्हा गावात प्लेगची कुजबुज होती. म्युनिसिपालिटीने घरोघर पिंजरे दिले होते. सकाळी भरलेला पिंजरा उंबऱ्याबाहेर ठेवायचा. माणूस येऊन नेई आणि हौदात बुडवून रिकामा परत देई. घरातल्या कुणाला काही करावे लागत नसे.

ही बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. सकाळची वेळ. मी पेटी उघडली, पिंजऱ्याचे तोंड तिला लावले, आत पाच फुटाणे टाकले. आणि पत्र्यावर नखाने दोनदा वाजवले.

ते रांगेने आत गेले. पुढे राणी.

प्लेगच्या भीतीने केले, असे मी मनाला पुष्कळदा सांगून पाहिले. ते खोटे आहे. त्या पाचांना प्लेग नव्हता, हे मला ठाऊक होते. मला फक्त ते नाव नको होते.

इथेच संपले असते तरी पुरे होते. पण तो पिंजरेवाला उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि तारेतून बोट आत घातले.

"मास्तर, ह्ये तर पांढरं हायती! पाळल्यालं दिसत्यात. बगा, बोट चाटतंय ह्ये."

"कुणाचे आहेत कोण जाणे," मी म्हणालो. "पिंजऱ्यात सापडले."

"एकदम पाच?" तो हसला. "लई नशीबवान पिंजरा हाय तुमचा." मग म्हणाला, "मी नेऊ का घरी? माजी पोरगी लई खूश हुईल. साहेबाला सांगू नका म्हंजी झालं."

ऐकलेत ना? घर माझ्या दारात चालत आले होते. हो म्हणायचे, एवढेच काम होते. पण त्याचे घर दोन गल्ल्यांपलीकडे. चार दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला असता — उंदीरमास्तरांनी उंदीर पिंजऱ्यात घालून दारात ठेवले.

"नियम नियम असतो," मी म्हणालो. "बुडवायचे असतील तर बुडवा."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पिंजरा उचलला. तासाभराने रिकामा आणून ठेवला. तारांना पाणी होते.

त्या शुक्रवारी मी उस्मानभाईंना सांगितले, पाचही मिरजगावला पोचले. ही परतल्यावर हिलाही तेच सांगितले. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दर शुक्रवारी मी जाऊ लागलो आणि बातम्या देऊ लागलो. हवालदार आळशी झालाय. राणी तिथल्या मास्तरांच्या खिशात झोपते. बेलापूरच्या मुलींनी दोघांच्या गळ्यात घुंगरू बांधलेत. बेलापूरचेही खोटेच. मी तिकडे पुन्हा गेलो नव्हतो, काष्टीलाही नाही. ही दारात उभी राहून ऐकायची आणि घरी येऊन म्हणायची, किती जीव लावलात तुम्ही त्या म्हाताऱ्याला.

अशी चार वर्षे गेली.

तिसऱ्या वर्षी कधीतरी त्यांनी विचारले, "मास्तर, हवालदार गेला आसंल न्हाई आता?"

"छे हो!" मी म्हणालो. "ठणठणीत आहे."

पुढे कधी म्हणायचे, "बेलापूरचं दोन तरी गेलं आसतील. सांगा, मला वाईट न्हाई वाटायचं." मी हसून म्हणायचो, "अहो, घुंगरं वाजवत फिरताहेत." असे त्यांनी एकेकाचे नाव घेऊन विचारले. एकेकाला मी जिवंत ठेवले. ते मान हलवायचे आणि छताकडे बघत राहायचे. म्हातारपणी माणूस वाईटच कल्पितो, आपण धीर द्यावा, असे मला वाटे.

गेल्या थंडीत ते वारले. मातीला मी गेलो होतो. लोकांनी मला पुढे उभे केले.

त्यानंतर महिन्याने काष्टीच्या बाजारात तसाच खेळ करणारा दुसरा एक माणूस दिसला. सहज विचारले, हे किती वर्षे जगतात हो? त्याने माझ्याकडे अडाण्याकडे बघावे तसे बघितले. "दोन वर्सं. लईच लाड केलं तर तीन. पुडं न्हाई जात."

कंपाउंडरचे घर तिथून हाकेच्या अंतरावर होते. त्या चार वर्षांत एकदा जरी त्याच्याकडे गेलो असतो, तरी हे मला कळले असते. त्या दिवशीही गेलो नाही.

उस्मानभाईंचा जन्म उंदरांत गेला होता. तिसऱ्या वर्षानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी ते काय ऐकत होते? एकेकाचे नाव घेऊन ते मला कबुली देण्याची वाट करून देत होते, की माझी परीक्षा घेत होते? विचारायला आता कुणी नाही.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी कुणाचेच नाव काढले नाही. तोंड भिंतीकडे करून पडून होते. मग उठताना मीच म्हणालो, "उस्मानभाई, राणी मजेत आहे."