शेवग्यावरची दहा मिनिटं

आमच्या गॅलरीला लागून शेवगा आहे. तो फुलला की रोज सकाळी आठ वाजता, बरोबर दहा मिनिटं, मी त्यावर येणाऱ्या मधमाश्या मोजतो आणि आकडा मोबाइलवरून पाठवतो. लेकीचं संशोधन आहे. शहरातल्या अनेक घरांतून असे आकडे जातात आणि माश्या कुठे घटल्या, ते संगणक त्यावरून काढतो.

आज दहा मिनिटांत एकही माशी आली नाही. कालही नव्हती.

"अहो, दोन तरी लिहा," ही म्हणाली. "पोर एवढी राबतेय, आणि बाप रोज शून्य पाठवतोय!"

हिचं मन मला कळत होतं. पण लेकीला खरी अडचण होते ती आमच्यासारख्या माणसांचीच. माशी दिसली की लोक हौसेनं कळवतात. दिसली नाही तर कळवायचं काय, म्हणून गप्प बसतात. मग संगणकाला सगळं शहर माश्यांनी भरलेलं दिसतं. घरातही तसंच होतं. कोण आलं ते आपण सांगतो. कोण यायचं थांबलं, हे वर्षानं एकदम ध्यानात येतं.

मी शून्य पाठवलं. आठ वाजून बारा मिनिटांनी एक माशी आली आणि फुलात शिरली.

"आता तरी लिहा!"

"वेळ संपली."

"तुमची संपली," म्हणत हिने लेकीला फोन लावला. "अगं, आपल्या शेवग्यावर माशी आली बघ. मोजू नकोस हं. नुसतं सांगतेय."