मान लांब, हात लहान

"मान जरा लांब, हात जरा लहान. बाई खूश, बाईचा नवरा खूश. खलास!" असं म्हणून मास्टर ब्रश कानावर अडकवायचे आणि डोळे चोळत बसायचे.

दुबईत, करामातल्या एका फ्रेमच्या दुकानामागे, एसीच्या घरघरीत ते चित्रं रंगवायचे. मूळचे वसईचे. सगळे त्यांना मास्टर म्हणत. मी तिथल्या एका हॉटेलच्या पर्चेस खात्यात होतो. नव्वदच्या दशकात आमच्या साहेबांना जिकडेतिकडे अठराव्या शतकातल्या विलायती उमरावांच्या बायका टांगायच्या होत्या. पावडर लावलेले केसांचे डोंगर, रेशमी झगे, मांडीवर कुत्रं. मास्टर एका जाडजूड पुस्तकावरून त्यांच्या नकला करून देत.

"तेव्हाचे पेंटरपण बाईला गोड करूनच काढायचे, साहेब," ते सांगत. "आपण अजून थोडी साखर टाकायची."

"यल्ला मास्टर, चला, सोमवारी डिलिव्हरी!" मी घाई करायचो.

"इन्शाल्ला. बाईला अजून नाक नाय."

तुमच्यापैकी ज्यांनी गल्फमध्ये दिवस काढलेत, त्यांना तिथला थकवा सांगायला नको. झोपून तो जात नाही. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, तेवढ्यात संसार. लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला मास्टरांनी बायकोचं चित्र काढलं, तेही आठवणीतून. "बायको हाय माझी, फोटो कशाला?" म्हणाले. गुंडाळी करून मोठ्या हौसेने घरी नेलं आणि परत आले तेव्हा गुंडाळी बरोबरच होती.

मी उलगडून पाहिलं. लाल लुगडं, लांब मान आणि मांडीवर दोन इवलेसे गुलाबी हात.

"ती हसली, साहेब. म्हणाली, 'चेहरा माझा, पण हे हात कोणाचे? ह्या हातांनी केळीची वाडी कोण शिंपणार?'" मास्टर मात्र हसले नाहीत. "माझ्या हाताला सवयच लागली. तिचे हात आठवतच नाय."

मला फार वाईट वाटलं. मी चहा मागवला.

पुढच्या सुट्टीहून आले तेव्हा विचारलं, "काय केलंत घरी?"

"काय नाय. ती कामं करायची, मी तिचे हात बघायचो."

लॉबीसाठीचं शेवटचं मोठं चित्र त्यांनी फार रखडवलं. बाकी सगळं तयार, हात मात्र पुन्हा पुन्हा खरवडलेले. मी चिडायचो. ते म्हणायचे, "डोळे थकले, साहेब. एवढं करतो आणि घरी जातो." तसंच झालं. चित्र बांधाबांध होऊन आलं, तोवर मास्टर कायमचे वसईला गेले होते.

भिंतीवर चढवल्यावर मी ते नीट पाहिलं. पांढरे केस, निळा रेशमी झगा, लांब मान. आणि कुत्र्याच्या पाठीवर रुंद, उन्हाने रापलेले, सांधे सुजलेले दोन हात. नखं आखूड.

जनरल मॅनेजर बराच वेळ बघत राहिले. "हाथ में कुछ गड़बड़ है क्या?"

"नहीं सर," मी म्हणालो. "ओरिजिनल ऐसा ही है।"