आमच्या लग्नाला भट आला नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. ज्या माणसानं माझं लग्न लावलं, त्याला मी साहेबापुढे भ्रमिष्ट ठरवलं. माझ्या तोंडानं. तो समोर उभा असताना.

त्याच्याही आधीचं सांगतो. अकोल्याच्या इन्कमटॅक्सच्या कचेरीत मी बडेबाबूंच्या, म्हणजे मुख्य कारकुनाच्या, टेबलापुढे उभा होतो. टेबलाला लागून खुर्ची होती. माझ्याआधी आलेला कापसाचा अडत्या तिच्यावर बसून, चहा पिऊन गेला होता. मला कोणी बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही.

"बाई तुमची कोण?"

"बायको. वारली."

"आडनाव वेगळं दिसतं."

"नोकरी लग्नाआधीची. दप्तरी माहेरचंच नाव राहिलं."

त्यांनी कागद उलटला. माझं आडनाव वाचलं. "लग्न लावलं कोणी?"

मी सांगितलं. सत्तावन्न साली, अकोल्याच्या वस्तीत, चौकात, बौद्ध पद्धतीनं.

"भट होता?"

"नाही."

"होम? सप्तपदी?"

"नाही."

बडेबाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुझं लग्न झालं कशावरून रे?"

तुम्हीचा तू झाला. मी मास्तर. परतवाड्याच्या शाळेत पोरं मला पाहून उभी राहत. इथं मीच उभा होतो.

"तुम्हा लोकांत बरं असतं," बडेबाबू शेजारच्या कारकुनाला म्हणाले. "घरात येऊन बसली की बायको. मेली की नवरा हजर, पैसे द्या म्हणून." कारकून हसला. मग बडेबाबू माझ्याकडे वळले. हसू नव्हतं. "लग्नच नाही म्हटल्यावर मुलगी कोणाची धरायची? हे एकदा आमच्या शेऱ्यात आलं ना, की बाईच्या दवाखान्याचं हापिसही तेच धरून चालेल. मग बस फिरत."

मला त्यांचे पुढचे शब्द ऐकू आले नाहीत. पाच वर्षांची पोर माझ्या बहिणीजवळ सोडून आलो होतो. आई गेल्यापासून ती झोपेतही माझा सदरा धरून ठेवी. आता कागदावर तिचा बाप मी नव्हतो.

माझी बायको शांता एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. मागच्या काही वर्षांच्या पगाराची थकबाकी सगळ्यांना एकदम मिळाली आणि एकाच वर्षाची कमाई धरून तीवर कर कापला गेला. जास्तीचा कर परत मिळतो, अर्ज करा, असं तिथल्याच कोणी सांगितलं. शांतानं अर्ज केला. ती कामाची पक्की. मग वॉर्डातूनच कावीळ घेऊन आली आणि गेली. तिच्या अर्जाचं उत्तर तिच्या नावानं आलं. म्हणून मी गेलो. पैशाचा लोभ नव्हता असं म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर पैसा मागे पडला. पोर आमची आहे, एवढं एक वाक्य मला सरकारच्या शाईत हवं होतं.

आमचं लग्न साधं झालं होतं. धर्म बदलून वर्ष झालं नव्हतं. जुनं सोडलं होतं, नवं अजून हातात बसलं नव्हतं. मुहूर्त नाही, हळद नाही, अक्षता नाहीत, मग लग्न कसं व्हायचं हे म्हाताऱ्या बायांना कळत नव्हतं. शांताचे मामा, किसनमामा, रेल्वेत गँगमन होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दुसऱ्यांकडून ऐकून ऐकून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील पाठ केलं होतं. वस्तीतली पहिली लग्नं त्यांनीच लावली. आमचंही. पांढरी साडी नेसलेली शांता मला हळूच म्हणाली होती, "आपल्या लग्नाले उष्टं काई नाई. ना मंत्र, ना भट. सगळं आपलं." त्याच्याआधी आमच्या बापजाद्यांच्या लग्नात भट यायचा का? दुरून, वेशीपलीकडून मुहूर्त सांगायचा. दक्षिणा घेताना पैशांवर पाणी शिंपडायचा. अंगणात पाय त्यानं कधी ठेवला नाही.

बडेबाबूंनी वाट दाखवली. उपकार केल्यासारखी. "अर्जनवीसाकडून प्रतिज्ञालेख करून आण. हिंदू रीतीनं, ब्राह्मण पुरोहिताच्या हस्ते लग्न लागलं असं लिही. दोन साक्षीदार. त्यात एक तिच्या माहेरचा पाहिजे."

कोर्टाबाहेर झाडाखाली पेटी मांडून बसलेल्या अर्जनवीसाला यात नवल वाटलं नाही. त्यानं लिहिलं, मला वाचून दाखवलं. माझी जुनी जात लिहिली. जी मी सोडून आलो होतो. आमच्या घरी भट आला, होम झाला, सात पावलं चाललो. मी सही केली. सही वाकडी आली. अर्जनवीस म्हणाला, "चालते. मास्तरचीच सही आहे, कोण पाह्यते."

माहेरचा साक्षीदार म्हणजे किसनमामा. दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी त्यांच्याकडे गेलो आणि खरं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मामा, आमच्या लग्नाची साक्ष पाहिजे. साहेब विचारतील, तुम्ही फक्त हो म्हणजा."

मामा खूश झाले. "सरकारनं बोलावलं म्हणता, जवाईबापू?"

"हो."

"मंग येतो ना. काऊन नाई येनार?"

त्या दिवशी ते कचेरीच्या फाटकाशी माझ्याआधी येऊन उभे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा फेटा. लग्न लावायला निघताना घालत तेच कपडे. वस्तीत सांगून आले होते की सरकारला आपल्या लग्नांची माहिती पाहिजे, म्हणून बोलावणं आलं. ते पाहून मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. फिरलो नाही. बडेबाबू व्हरांड्यातून पाहत होते.

साहेबांपुढे आधी माझ्या शाळेतल्या सोबत्याची साक्ष झाली. त्याला मी सगळं पढवून आणलं होतं. तो हो म्हणाला, खाली पाहत. मग मामा.

"लग्नाला तुम्ही हजर होता?" साहेबांनी विचारलं.

"होतो ना साहेब. लगन म्याच लावलं."

साहेबांनी कागद पाहिला. "यात ब्राह्मण पुरोहित लिहिलाय."

मामांना वाटलं साहेबांची काही चूक होतेय. ते समजावून सांगू लागले. "बामन कायले येईल साहेब आमच्या वस्तीत? आमच्या घरचा पान्याचा लोटा नाई घेत थो."

  साहेबांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बडेबाबूंनी पाहिलं. दारातल्या चपराशानंही पाहिलं. तो वस्तीशेजारच्याच मोहल्ल्यातला. खोट्या प्रतिज्ञेला तुरुंग असतो, हे अर्जनवीसानं हसत हसत सांगितलेलं मला आठवलं. नोकरी जाणार. पोर आमची नाही असं लिहिलं जाणार.  मला वाटलं, इथंच माझं धोतर ओलं होणार.

मी म्हणालो, "साहेब, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. काय बोलतो त्याचं त्याला कळत नाही."

बडेबाबू म्हणाले, "जा बाबा, बाहेर बस जाऊन."

मामा लगेच गेले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. राग नव्हता. मलाच काही झालंय का, असं पाहत होते.

बाहेर आलो तर ते पायरीवर बसले होते. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मी जवळ गेलो तसे हळूच म्हणाले, "जवाईबापू, त्या दिशी बामन आलता का? मले तं याद नाई."

त्यांच्या हिशेबी मी शिकलेला माणूस. मास्तर खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यापेक्षा आपलंच डोकं गेलं असेल, हे त्यांना सोपं वाटलं.

तेव्हा सांगता आलं असतं. पायरीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "सोडा ना मामा. चहा घेऊ."

त्यांनी चहा घेतला नाही.

चपराशानं वस्तीत सांगितलं. जवायानंच सांगितलं म्हणे, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. पुढं लग्नाला लोक दुसऱ्याला बोलावू लागले. मी वस्तीत जाणं सोडलं.

पैशांची मंजुरी आली. जाऊन पावतीवर सही करायची, एवढंच राहिलं होतं. त्याच आठवड्यात एक बाई माझा पत्ता काढत परतवाड्याच्या मोटारस्टँडवरून थेट शाळेत आली. गुंफाबाई. तिचा नवरा शांताच्याच दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याचाही तसाच कर कापलेला, तोही वारलेला. तिचं लग्न आमच्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच चौकात किसनमामांनीच लावलेलं.

ती शाळेच्या ओट्यावर टेकली. "मास्तरभाऊ, बडेबाबू म्हन्ते, त्या मास्तरनं आनला तसा कागद आन. तुमी कसा केला सांगा. मी बी तसाच करतो."

"तुमच्या लग्नाले भट होता?" मी उगाच विचारलं.

"कायचा भट? तुमी तं होते ना लग्नाले." ती जराशी हसली. मग म्हणाली, "पन तसं लेहाच लागते म्हन्ते. नाई लेहलं तं लेकरं हरामाचे. तुमच्यासारखा शिकेल मानूस लेहते, तं मले काय?"

तिच्याबरोबर तिची लेकरं नव्हती, सासू नव्हती. एकटी होती. माझ्यासारखीच भ्यालेली होती. आणि भिऊन ती माझ्याकडे आली होती, कारण वाट मी पाडून ठेवली होती. बडेबाबूंच्या टेबलावर माझा कागद नमुना होऊन बसला होता. आता चौकात लागलेलं प्रत्येक लग्न त्याच्याशी ताडून पाहिलं जाणार. माझी पोर आमची ठरावी म्हणून मी वस्तीतल्या सगळ्या पोरांना बेवारस करून आलो होतो.

ज्या अंगणात भटानं कधी पाय ठेवला नाही, तिथं तो होम करून गेला, हे त्या कचेरीनं डोळे मिटून खरं मानलं. आणि जे झालं, शेकडो डोळ्यांदेखत झालं, ते खोटं. हे मला तेव्हा कळलं. आधी कळायला हवं होतं.

"तसा कागद करू नका, बाई," मी म्हणालो. "तो खोटा आहे. मी जाऊन सांगतो."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "आता? पैसे मंजूर झाल्यावर?"

मी गेलो. शूर म्हणून नाही. मोटारीत दोनदा उतरून परत जावं असं वाटलं. बडेबाबूंनी पावती पुढे सरकवली, दौत सरकवली. मी हात मागे घेतला.

"सही करत नाही. आधीचा कागद खोटा आहे. आमच्या लग्नाला भट आला नव्हता. बौद्ध रीतीनं लग्न झालं. किसनमामांनी लावलं. ती माझी बायको आणि मुलगी आमची."

आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.  एक पाय मी टेबलाच्या पायाला टेकवून धरला.

"शुद्धीवर आहेस का? तुरुंगात जाशील."

"लिहून घ्या."

"कोणी लावलं म्हणालास? तो म्हातारा? तो तर भ्रमिष्ट ना?"

 एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं राहिलं. मी फक्त म्हणालो, "लग्न त्यांनी लावलं." आणि तसं लिहून, खाली सरळ सही करून बाहेर पडलो.

मंजुरी रद्द झाली. तुरुंग झाला नाही, पण शाळाखात्याकडे तक्रार गेली आणि माझी बदली शेंदूरजनाघाटला झाली. गुंफाबाईनंही खरंच लिहून दिलं. तिचा अर्ज आणि माझा अर्ज, दोन्ही तिथं पडून आहेत. मी दरवर्षी जातो. तेच विचारतात, तेच सांगतो. अजूनही जिना चढताना भीती वाटते. भ्यालो तरी दुसरं काही सांगत नाही आणि सांगणार नाही. ते लग्न लग्नच होतं, हे त्यांना त्याच कागदावर लिहावं लागेल. मी मेलो तर मुलगी जाईल.

पण हे कचेरीचं झालं. किसनमामा अजून आहेत, त्याच वस्तीत. गँगमनची नोकरी संपली. ओट्यावर बसून असतात. कोणी नाव विचारलं तर आधी थोडं थांबतात, आपल्याला बरोबर आठवतंय ना, असं करून, मग सांगतात. लोक म्हणतात वय झालं. वय नाही. ते मी केलं.

मला त्या चौकात, त्यांच्या लोकांपुढे उभं राहून सांगायचं आहे की मामा, तुमची याद बरोबर होती, खोटा मी होतो. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याकडे बाकी आहे.