घट्ट पिळाची नळी

मुलांनो, जर्मनीत वाल्डॉर्फला तुमच्या मामाकडे मी एक हिवाळा काढला. मामा-मामी ऑफिसला गेले की घरात मी एकटी. तिथली दारं ओढली की आपोआप लागतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. किल्ल्या दोनच, दोन्ही त्यांच्याकडे. म्हणजे संध्याकाळपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

खाली घरमालक राहायचे. वय झालेले, कोल्ह्यांची शिकार करणारे. जंगलात शिशाच्या गोळ्यांना बंदी आली, म्हणून तांब्याच्या गोळ्यांसाठी ते रायफलला नवी नळी बसवणार होते. माहितीपुस्तिका अमेरिकन, त्यांचं इंग्रजी कामापुरतं. ती माझ्याकडे आली.

"आई, घरमालक आहेत, नाही म्हणू नकोस," मामा म्हणाला. "पण बंदुकीतलं तुला काय कळतं?"

"वाचता येतं."

नळीच्या आत पीळ कोरलेला असतो, तो गोळीला गिरकी देतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. सैल पडला तर गोळी भरकटते. जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. पुस्तिकेत नळ्या तीन होत्या, त्यांच्या पिळाचे आकडे चौदा, बारा, नऊ. मी पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि सर्वांत घट्ट म्हणून चौदावर खूण केली.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मालक खूश. "किती टापटीप!"

दुसऱ्या दिवशी दुपारी देवासाठी वाती वळत होते. हातातल्या वातीचे फेरे पाहिले आणि चरकले. चौदा म्हणजे चौदा इंचांत एक फेरा. आकडा मोठा, तितका पीळ सैल! तेवढ्यात जिन्यात मालकांच्या किल्ल्या वाजल्या. ते नळीची ऑर्डर द्यायला निघाले होते.

मी तशीच धावले. मागे दार लागल्याचं ऐकू आलं.

"चौदा नाही, नऊ! मी उलटं लिहिलं."

त्यांनी हवेत बोट गोल फिरवून पाहिलं. "आल्झो... म्हणजे नऊ." तक्त्यावर पेन्सिलीने काट मारली. "बाकी सगळं ठीक ना?"

"जा, जा," मी म्हटलं. एका दुपारी दोन चुका कशा कबूल करायच्या?

ते गेले. मी पायऱ्यांवर बसले, पायात नुसते मोजे. जिन्यातला दिवा थोड्या थोड्या वेळाने आपोआप विझायचा. उठायचं, बटण दाबायचं, पुन्हा बसायचं.

साडेपाचला मामा आला. "आई! कधीपासून बसलीयेस?"

"आत्ताच," मी म्हटलं.