पाठीतली पट्टी

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या प्रयोगशाळेत यामिनीच्या टेबलावर जुनी पुस्तकं यायची. चारशे वर्षांपूर्वी तिथल्या बाइंडरांनी मठांमधली, त्याहून तीनशे वर्षं जुनी, हाताने लिहिलेली भजनं रद्दीत काढली, त्या चामड्याच्या पानांच्या पट्ट्या कापल्या आणि छापील पुस्तकांच्या पाठीत चिकटवल्या. पुस्तक न फोडता क्ष-किरणांनी त्या पट्ट्या वाचायच्या, हे यामिनीचं पीएचडीचं काम.

त्या दुपारी पडद्यावर अख्खी ओळ उमटली. पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या फ्राउ लिंडेनाऊंनी टाळी वाजवली. "वा, सातशे वर्षांनी हा माणूस पुन्हा गातोय!"

यामिनीला आजोबा आठवले. भीमजयंतीला गावोगाव गायचे. स्वतः रचलेली गाणी त्यांनी चार वह्यांत उतरवली होती. आवाज मात्र कुणीच टेप केला नव्हता. तिने अकोल्याला वडिलांना फोन लावला. दिनकररावांचं बाइंडिंगचं दुकान होतं.

"बाबा, आबांच्या वह्या कुठं आहेत?"

"कापल्या."

"म्हणजे?"

"पाठीले पट्ट्या लागतात ना! नवा कागद कशाले कापू? शाळेच्या हजेरीपटांत गेल्या."

"बाबा, गाणी होती ती!"

"बुढा गावभर गाये अन् माय लोकाच्या वावरात निंदाले जाये. कोनाचं पोट भरलं त्या गाण्यानं? पाठ तरी मजबूत झाली." मग म्हणाले, "शेवटची वही तुह्या एमएस्सीच्या प्रबंधाले लावली."

तो प्रबंध तिच्या खोलीत, फळीवर होता. बाबांनी बांधलेला, म्हणून सामानात जागा नसतानाही आणलेला. दुसऱ्या दिवशी तिने तो मशीनखाली ठेवला. पडदा कोरा. मठातल्या शाईत लोखंड होतं. आजोबांच्या बॉलपेनच्या शाईत मशीनला दिसण्याजोगं काहीच नव्हतं. हे तिला आधीच कळायला हवं होतं.

"फोडायचं नाही," फ्राउ लिंडेनाऊ हळूच म्हणाल्या. "तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

यामिनीने सुरी घेतली. बाबांचं काम पक्कं. पाठ सुटायला तास गेला. पट्टी निघाली, पण बाबांनी ती उभी कापली होती. अकरा ओळी, आणि प्रत्येकीची मधली दोन-तीन अक्षरं. 'भीम' नीट लागला. 'ऊठ' असावं. बाकी कशाचाच अर्थ लागेना.

संध्याकाळी तिने फोन केला.

"सापडलं गाणं?" बाबांनी विचारलं.

"नुसती अक्षरं."

"अन् बाइंडिंग?"

"फोडलं, बाबा."



"मंग बुढा अन् मी, दोघंही गेलो," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.