आत्यावर गेलेली मुलगी

लहानपणापासून मला सगळे म्हणायचे, पोरगी आत्यावर गेलीय. कपाळ, भुवया, हसताना एका बाजूला जाणारं तोंड, सगळं वडिलांच्या धाकट्या बहिणीचं. कोळवणात आमच्या घरी कुणी नवी बाई आली की ती माझ्याकडं बघायची, मग पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या आत्याकडं बघायची, आणि पुढं काही बोलायची नाही. त्या न बोलण्याचा अर्थ मला बराच उशिरा लागला.

आत्या अंगणाच्या बाहेर जात नसे. लग्नानंतर वर्षभरातच सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली होती, माझ्या जन्माच्याही आधी. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत राहायची. घरात तिच्याबद्दल एवढंच सांगायचे, तिनं हाय खाल्ली. कशाची, ते कुणी सांगत नसे. गावातली पोरं सरळ वेडी म्हणायची.

पुण्याच्या कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी सकाळी लवकर परत निघायची, तीच माझी गाडी. विषय निवडताना मी मानसशास्त्र घेतलं, कारण त्याचे तास परतीच्या गाडीच्या वेळेआधी संपायचे. खरं कारण एवढंच होतं. त्या वेळी दुसरं काहीतरी मोठं कारण सांगितलं असेल, पण आता आठवत नाही.

"कसलं शास्त्र?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे माझे वडील.

"मानसशास्त्र."

"मानसांचं व्हय? मानसं काय शिकायची? मळणीला हुबी ऱ्हा खळ्यावर, धा तऱ्हेची दावतो."

आमच्या बोलीत माणसं आणि मानसं यांत फरक नाही. मीही समजावत बसले नाही. मलाच कुठं नीट ठाऊक होतं?

दुसऱ्या वर्षी, भातकापणीच्या सुमारास, ते पहिल्यांदा झालं. गाडी पिरंगुटचा घाट चढत होती. नेहमीचीच माणसं, दुधाच्या किटल्या, खिडकीतून येणारा गार वारा. वेगळं काहीही घडलं नव्हतं. एकाएकी काळीज इतक्या जोरात उडायला लागलं की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांबून यायला लागले. आणि मग वाटलं, आपण मरतोय. त्यापाठोपाठ त्याहूनही वाईट वाटलं. मरत नाही, डोकं फिरतंय. आत्ता आपण किंचाळू आणि सगळी गाडी वळून आपल्याकडं बघेल.

भुकूमला गाडी थांबली तशी मी दप्तर छातीशी धरून उतरले. रस्त्याकडेच्या दगडावर बसले. थोड्या वेळात सगळं ओसरलं. जमिनीला पाय लागले म्हणून वाचले, अशी माझी खात्री झाली. उलट दिशेच्या गाडीनं घरी गेले आणि आईला सांगितलं, पोट दुखतंय.

त्यानंतर गाडीत बसल्या क्षणापासून मी त्याची वाट बघायला लागले. पौड गेलं की हात गार पडायचे. घाट सुरू झाला की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. काही दिवस जमायचं, मी दातओठ खाऊन पुण्याला पोचायची. मग एखाद्या दिवशी पुन्हा भुकूमला उतरायची. तिथला चहावाला मला ओळखायला लागला.

"ताई, तुमचं कालेज हितंच काढायचं का आता?" एकदा तो म्हणाला. "जागा हाय माज्या टपरीमागं."

मी हसले. हसताना तोंड एका बाजूला गेलं असणार. ते माझं मलाच जाणवलं आणि मी तोंडावर हात धरला.

मानसशास्त्राच्या पुस्तकात लागोपाठ दोन प्रकरणं होती, मज्जाविकृती आणि चित्तविकृती. पहिल्याचं नाव शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं तेव्हा माझ्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "मज्जाविकृती! हे दुखणं मला चालेल बाई." सगळ्या ओळीत हसू पसरलं. मज्जा म्हणजे मज्जातंतू हे मलाही कळत होतं. पण ते नाव इतकं हसरं वाटलं की माझ्यासारखं भयंकर काही त्यात असेल हे मनातच आलं नाही. ते प्रकरण मी तसंच ओलांडलं आणि घरी येऊन पुढचं उघडलं.

तिथं मला आत्या दिसली. स्वतःशी बोलणं. माणसांतून उठणं. हे दुखणं एकाच घराण्यात पुन्हा दिसू शकतं, असं एक वाक्य होतं. ते मी इतक्यांदा वाचलं की पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडायला लागलं. नसलेले आवाज ऐकू येतात, असंही लिहिलं होतं. मग मी गाडीत इंजिनाच्या घरघरीत कान देऊन बसायची, कुणी माझं नाव घेतंय का ते ऐकायला. आणि कान दिला की घेतंय असं वाटायचंच. पडवीतून जाताना मी आत्याकडं बघायचं सोडलं. ती काही मागायला लागली तर मी आईला हाक मारायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, मी तिच्याजवळ बसले तर मलाही ते लवकर होईल.

शेवटी ते गावातच झालं. भरदुपारी खळ्यावर मळणी चालू होती, शेजारच्या बाया मदतीला आल्या होत्या. माझ्या हातातली पाटी पडली, मी खाली बसले आणि मला श्वास घेता येईना. बाया गोळा झाल्या. एकीनं पाणी मारलं. दुसरी म्हणाली, "आत्यावर गेली, आत्यावर गेली म्हनत व्हतो, ती खरीच गेली की गं!"

तिच्या मनात वाईट नसावं. पण आबांच्या हातातली पेंढी तशीच वर राहिली, ते मी पाहिलं.

घरी आणल्यावर आई म्हणाली, "वड्यावर सांजची धुनं घेऊन बसती ही. पान्यातल्या आसरांनी धरलंय. देवरशाकडं न्यायला पायजे."

"तिला न्यायचं न्हाई."

हे आत्या बोलली. पडवीतून उठून ती दारात उभी होती, सूप हातातून सुटून तांदूळ सांडले होते. तिचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं.

"तू गप बस, बाय," आबा म्हणाले. आत्याला ते बाय म्हणायचे.

"मला नेली व्हती. मिरच्यांची धुरी दिली व्हती. फोकानं मारली व्हती. तिला न्यायचं न्हाई."

एवढं बोलून ती खाली बसली आणि सांडलेले तांदूळ गोळा करायला लागली. आबा म्हणाले, "न्हाई नेत. पर कालेज आता बास. शिकून डोकं तापलंय तिचं. घरी ऱ्हाऊ दे, निवंल."

मी पडवीकडं पाहिलं. घरी राहून निवलेलं डोकं तिथं बसलं होतं. मला तेव्हा जितकी भीती वाटली तितकी गाडीतही कधी वाटली नव्हती.

ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला हवीत, एवढं मी बोलू शकले. आबा म्हणाले, मी येतो संगं. दुसऱ्या दिवशी ते डोक्याला धुतलेला फेटा बांधून माझ्या शेजारी बसले. त्यांच्यामुळं असेल, जाताना धडधड झाली पण निभावलं. ते फाटकापाशी झाडाखाली थांबले आणि मी पुस्तकं न देताच बाईंना शोधत गेले.

बाई एकट्याच पेपर तपासत होत्या. मी म्हणाले, "आमच्या गावात एक मुलगी आहे. तिला गाडीत काहीतरी होतं." आणि सगळं सांगितलं.

"कॉलेजात जाते का ती?"

"जाते."

"कोणत्या वर्षाला आहे?"

"माझ्याच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. तिला सांग, आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घे. तिथं काही निघालं नाही, तर हा घाबरण्याचा झटका असावा. समोर साप आला की शरीर जे करतं तेच ते करतंय, फक्त साप नाहीये. भराभर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं होतं. फार वाईट वाटतं, पण ते चढतं आणि उतरतं."

"ती उतरते तेव्हा उतरतं."

"ती नाही उतरली तरी ते उतरेल. पण ती दर वेळी आधीच उतरली, तर हे तिला कळणार कसं?"

मी विचारलं, "आणि वेड लागलं तर?"

"वेड लागेल ही भीती याच दुखण्यात असते. तू कुठलं प्रकरण वाचलंस?"

"चित्तविकृती."

"आधीचं नाही वाचलंस?"

"नाही. नाव हसरं वाटलं."

बाई हसल्या नाहीत. मी खाली मान घालून म्हणाले, "तिची आत्या तशी आहे. आणि ती आत्यावर गेलीय."

"त्यांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळं त्यांचं काय झालं ते मला सांगता येणार नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "घाबरा स्वभाव घराण्यातून येऊ शकतो, नाकडोळ्यांसारखा. पण पुढं काय होतं ते तेवढ्यावर ठरत नाही. आजूबाजूची माणसं तिच्याशी कशी वागतात, तिला काय करू देतात, यावरही ठरतं."

यानं माझी भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. उलट परतीच्या गाडीत चढताना ती दुप्पट होती, कारण आता उतरायची सोय राहिली नव्हती. भूगाव गेलं आणि सुरू झालं. भुकूमला गाडी थांबली तेव्हा माझे गुडघे आपोआप उठायला लागले. मी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

हे मी आजवर कुणालाच सरळ सांगितलं नव्हतं. "आबा, मला भीती वाटतीय."

"कशाची?"

"कशाचीच न्हाई."

"उतरायचं?"

"न्हाई. मला उतरू देऊ नका."

कंडक्टरनं घंटी मारली. घाट लागला आणि मला वाटलं, बाई चुकल्या, मी आता मरणार. डोळ्यांपुढं काळं आलं. मी दांडी सोडली नाही. घाट उतरेपर्यंत, की त्याच्याही पुढं, मला सांगता येणार नाही, पण गाडीतच, बसल्या जागी, ते हळूहळू कमी झालं. बोटं सुटी झाली. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाय बी आसंच म्हनायची. कशाचीच न्हाई म्हनायची."

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "जाऊ दे तिला. पर परत मधी उतारली तर मंग घरी." डॉक्टरांनी छाती तपासली, काही निघालं नाही. तेव्हापासून मी रोज ती अट घेऊन गाडीत बसायची. पुढं उतरले नाही, पण न घाबरता गेले असाही दिवस क्वचितच. जे प्रकरण मी ओलांडलं होतं ते वाचलं. त्यात मी होते, जवळजवळ ओळ न् ओळ. ते छापलेलं आहे म्हणजे ते आधी कुणाला तरी झालेलं आहे, याचा मला आधार वाटायचा.

परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी मी आत्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच महिन्यांनी. तिनं थोडे तांदूळ माझ्यापुढं सरकवले. आम्ही खडे काढत राहिलो. तिला काय विचारायचं ते मी घोकून आले होते, पण तीच आधी बोलली.

"आजून व्हतं का गं तुला?"

"होतं."

"गाडीत?"

"गाडीत. काल पेपर लिहिताना पण झालं."

"मंग कशी जातीस?"

"होत असतानाच जाते."

तिचा हात सुपात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली, माझ्याच कपाळाखालून, माझ्याच भुवयांखालून.

"सासरच्या वाटंला गाडीबैलात व्हायचं मला," ती म्हणाली. "मागं फिरवायची गाडी. मी म्हनायची, ह्ये थांबलं की जाईन. समदी म्हनायची, व्हय, थांबलं की जा. थांबायचीच वाट बगत ऱ्हायले."

बाईंनी सांगितलेलं सगळं मला तिला सांगायचं होतं. साप, श्वास, चढणं, उतरणं. मी सांगायला सुरुवात केली. इतक्या वर्षांनी ते तिच्या उपयोगी पडेल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माझं तरी पुढं काय होईल हेही माहीत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या पुढ्यातले तांदूळ आपल्या सुपात ओढून घेतले.

"उद्या पेपर हाय न्हवं?"

"हाय."

"मंग ऊठ. हितं नको बसू."